रिमोट कुणाच्या हातात?

गेल्या अंकात या सदरात आपण एक विनंती केली होती, की वर्गात पॅनेल, प्रोजेक्टर, मोबाईल, अॅप असं जे काही आलंय त्याबद्दल यावेळी पालकांनी नको, शिक्षकांनी पण नको, फक्त मुलांनी लिहावं. पत्रं भरपूर आली. काही व्हॉट्सअॅपवर, काही वहीच्या पानावर लिहून फोटो काढून, दोन-तीन तर पोस्टानं. सोलापूर शहरातली जास्त, बाकीची मोहोळ, अक्कलकोट आणि आजूबाजूच्या गावांतली. सगळी छापणं शक्य नाही म्हणून सहा घेतलीयत. नावं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण बऱ्याच जणांनी खाली लिहिलंय, "मॅडम, आमच्या सरांना कळू देऊ नका."

प्रश्न : मॅडम मी दहावीत आहे, अक्कलकोट रोडला राहते. आमच्या वर्गात यावर्षी मोठं टचचं पॅनेल बसवलंय. सगळे खूश आहेत पण खरं सांगू का, आधी जेवढं समजायचं तेवढं आता समजंना झालंय. सर पेनड्राइव्ह लावतात, पीपीटी सुरू करतात आणि पटापटा पुढं जातात, माझं अर्धं वाक्य लिहून होईपर्यंत पुढची स्लाईड आलेली असते. मैत्रिणी म्हणायल्यात तू जुन्या जमान्यातली आहेस. माझंच काही चुकायलंय का?

उत्तर : नाही बाळा, तुझं काही चुकत नाहीये. आणि तू एकटी पण नाहीस, यावेळच्या पत्रांत हीच तक्रार सगळ्यात जास्त आहे, फक्त शब्द वेगळे. कुणी लिहिलंय सर पळवतात, कुणी लिहिलंय व्हिडिओ संपला की तास संपतो, एकानं लिहिलंय "पिक्चर बघितल्यासारखं वाटतं, बाहेर आलो की सगळं विसरलो". मुलं पॅनेलला नाव ठेवत नाहीयेत, ते मला या पत्रांतून स्पष्ट दिसतंय. ती एवढंच म्हणतायत की थांबवायचं बटण आमच्याकडं नाही.

मी सोळा वर्षं विज्ञान शिकवतेय, फळा, प्रोजेक्टर, पॅनेल तिन्ही वापरलंय, त्यामुळं दुसऱ्या बाजूनं पण हे मला माहितीय. फळ्यावर मी भिंगाची आकृती काढते तेव्हा आधी अक्ष, मग भिंग, मग पहिला किरण, मग दुसरा, असं एकेक येतं आणि माझा हात जेवढ्या वेगानं चालतो साधारण तेवढ्याच वेगानं तुमचं पेन चालतं. मध्येच खडू मोडतो, डस्टर सापडत नाही, मी वळून कुणाला तरी गप्प करते, तेवढ्या वेळात तुमचं डोकं मागचं जुळवत असतं. स्लाईडवर आख्खी आकृती एकदम तयार होऊन समोर येते. ती बघितल्यावर समजल्यासारखं वाटतं, आणि घरी वही उघडली की पहिला किरण कुठून काढायचा तेच आठवत नाही.

तुमच्याच पुस्तकातलं उदाहरण देते, प्रकाशाचं अपवर्तन, म्हणजे पाण्यातून हवेत येताना प्रकाशाचं वाकणं. वाटीतल्या नाण्याचा प्रयोग तुला माहीतच असेल. व्हिडिओत तो मिनिटभरात उरकतो, नाणं दिसत नाही, पाणी ओतलं, नाणं दिसलं, संपलं. मी वर्गात तो व्हिडिओ दाखवला आणि मग एका मुलीला पुढं बोलावलं. टेबलावर स्टीलची वाटी, तळाला रुपयाचं नाणं, म्हटलं आता तू कर. तिनं पाणी ओतलं आणि काहीच झालं नाही, कारण ती वाटीवर वाकून उभी होती, नाणं तिला आधीपासून दिसतच होतं. मग वाटी रिकामी केली आणि ती एकेक पाऊल मागं सरकायला लागली. अजून दिसतंय, अजून दिसतंय, काठावर आलं, आता गेलं! तिथंच ती मान न हलवता उभी राहिली, मैत्रिणीनं तांब्यातून हळूहळू पाणी सोडलं, आणि नाणं वाटीच्या काठावरून वर उचलल्यासारखं दिसायला लागलं. ती ओरडलीच. पाण्यातून हवेत येताना किरण स्तंभिकेपासून (पाण्याच्या पृष्ठभागाला काढलेल्या लंब रेषेपासून) दूर झुकतो, हे वाक्य त्या वर्गाला मी परत पाठ करायला सांगितलं नाही. व्हिडिओत कॅमेरा आधीच बरोबर जागी ठेवलेला असतो गं, ती जागा शोधायचं काम म्हणजेच तो प्रयोग, आणि ते आपल्यासाठी दुसऱ्यानं आधीच करून ठेवलेलं असतं. तेव्हापासून मी व्हिडिओ बंद केलेला नाही, क्रम बदललाय, आधी वाटी आणि मग व्हिडिओ.

आता तू काय करायचं. तास संपल्यावर सर घाईत असतात, तेव्हा सांगू नकोस. तास सुरू व्हायच्या आधी दोघी-तिघी मिळून जा आणि सरळ म्हणा, सर, स्लाईड बदलायच्या आधी एकदा "झालं का" विचाराल का. बहुतेक शिक्षकांना मागच्या बाकावर काय चाललंय ते पॅनेलजवळ उभं राहून खरंच कळत नाही. दुसरं म्हणजे त्या पॅनेलवर हातानं लिहायची सोय असते, फळ्यासारखी कोरी पाटी उघडते. आकृती तेवढी त्यावर हातानं काढून दाखवा असं म्हण. आणि पीपीटी आदल्या दिवशी ग्रुपवर टाकली तर वर्गात नुसतं उतरवत बसावं लागणार नाही. यातलं एक जरी झालं तरी तुला फरक जाणवेल.

प्रोजेक्टरवाल्या शाळांतल्या तिघांनी अजून एक लिहिलंय, तेही इथंच सांगते. पडद्यावर दिसावं म्हणून खिडक्या-दारं लावून घेतात. आपल्या सोलापुरात मार्च लागला की काय होतं ते कुणाला सांगायला नको, पारा चाळिशीकडं निघालेला असतो, आणि साठ पोरं बंद खोलीत. झोप येणारच, त्यात पोरांचा काही दोष नाही. प्रोजेक्टरचा तास सकाळच्या पहिल्या दोन तासांत ठेवावा एवढं तरी शाळांनी करावं.

प्रश्न : मी आठवीत हाय, दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत. शाळेत टीव्ही हाय पण लाईट नसती, असली तर नेट नसतंय. शहरातली पोरं पुढं जाणार आन आम्ही मागंच राहणार का?

उत्तर : तुझ्या जिल्ह्यातलीच गोष्ट सांगते. माढा तालुक्यात परितेवाडी म्हणून छोटं गाव आहे, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. हे बक्षीस कुठल्या मोठ्या स्मार्ट क्लासरूमला मिळालेलं नाही. त्यांनी पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड लावले, म्हणजे कविता परत ऐकायचीय, धडा परत बघायचाय, तर पोरगं संध्याकाळी घरच्या फोनवर स्कॅन करून पाहिजे तितक्या वेळा बघू शकतं. पुढं राज्याच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले, तुझ्या पुस्तकांवर पण आहेत, बघ. मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं, की कधी बघायचं आणि किती वेळा बघायचं ते पोरगं ठरवतं.

लाईटचं म्हणशील तर तो तुझा दोष नाही आणि तुझ्या गुरुजींचाही नाही, आणि ते बदलायला पाहिजे, त्याबद्दल मला राग येतो. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, तुझ्या वडिलांना किंवा आईला हा विषय तिथं काढायला सांग. पण तोपर्यंत थांबायची गरज नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, एकदा उतरवली की नेट लागत नाही. तसंच फेट नावाचे विज्ञान-गणिताचे खेळ आहेत, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचे. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ साली ते सुरू केले. त्यातले बरेच मराठीत आहेत, फुकट आहेत, आणि डाउनलोड करून ठेवले की नेटशिवाय चालतात. गुरुजींना सांग, तालुक्याला गेल्यावर लॅपटॉपमध्ये घेऊन या. विद्युत परिपथाचा आधी उघड, त्यात वायर, बल्ब, सेल तूच जोडायचं, चुकलं की तुझ्या समोर चुकतं. मग खराखुरा सेल आणि टॉर्चचा बल्ब घेऊन तेच कर. शहरातल्या ज्या पोराच्या वर्गात पॅनेल आहे पण त्यानं ते हातानं कधी वापरलेलंच नाही, त्याच्या तू मागं नाहीस.

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे. आमच्या घरी तेलुगू बोलतात, आई विड्या वळते, दादा टॉवेलच्या कारखान्यात आहे. कॉलेजचं सगळं व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतं, नोट्स, टेस्टची तारीख, लिंक. फोन दादाचा आहे, तो रात्री नऊला येतो, मग जेवण वगैरे होऊन माझ्या हातात यायला दहा वाजतात. मी एक व्हिडिओ तीन-तीनदा बघते तेव्हा मला नीट कळतो, पण तेवढ्यात दादा म्हणतो झालं का. वर्गात मुलं म्हणतात ऑनलाइन किती सोपं असतं. मला काय म्हणायचं तेच सुचत नाही.

उत्तर : जे तू मला लिहिलंस तेच तिथं म्हणायचं. सोपं आहे, पण फोन स्वतःचा असेल तर.

तुझ्यासारख्या किती मुली आहेत ते सांगते म्हणजे तुला एकटं वाटणार नाही. असर म्हणून मुलांच्या शिक्षणाची पाहणी होते, तिच्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना फोनबद्दल विचारलं होतं. स्मार्टफोन बहुतेक घरांत होता. पण ज्यांना फोन वापरता येतो त्यांच्यात स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के. मुलग्यांच्या निम्म्याहून कमी! हे खेड्यांतले आकडे आहेत, तू शहरात राहतेस, पण साखर पेठेपासून कुंभारीपर्यंत विडी कामगारांच्या घरांत मी फिरलेय, तिथं मला हेच चित्र दिसलं. घरात एक फोन, आणि मुलीची पाळी शेवटची.

भाषेचं पण तू जाता जाता लिहिलंस, मला तिथं थांबावंसं वाटतं. आपल्या गावात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी आणि शाळेत मराठी शिकणारी कितीतरी मुलं आहेत आणि एकच व्हिडिओ तीनदा बघावा लागणं म्हणजे मठ्ठपणा नाही, तू एकाच वेळी दोन गोष्टी शिकतेस, विषय आणि शब्द. गंमत बघ, अपवर्तनाला तेलुगूत वक्रीभवनम् म्हणतात, आणि मराठीत पण पूर्वी वक्रीभवनच म्हणायचे, माझ्या वडिलांच्या वहीत तोच शब्द आहे. अशी शब्दांची एक वही कर, एका बाजूला मराठी, एका बाजूला तेलुगू, तिसऱ्या बाजूला इंग्रजी, आता अकरावीत तो तिसरा रकाना लागणारच आहे. आईला तेलुगू रकाना वाचून दाखव. ती शिकलेली असो नसो, वाकडं होणं म्हणजे काय ते तिला कळतं.

दादाशी बोलताना "फोन दे" असं म्हणू नकोस, वेळ ठरवून माग. रोज तो आल्यावर पहिला पाऊण तास माझा, त्याचं जेवण होईपर्यंत. व्हिडिओ त्याच्या फोनमध्ये आधी डाउनलोड करून ठेव, म्हणजे डेटा पण वाचतो आणि शोधण्यात वेळ जात नाही. कॉलेजच्या लायब्ररीत कॉम्प्युटर असेल तर चौकशी कर, असतो आणि मुलं विचारत नाहीत असंही होतं. आणि हे पत्र वाचणाऱ्या सगळ्या प्राध्यापकांना माझी हात जोडून विनंती, टेस्टची तारीख ग्रुपवर टाकायची तर टाका, पण त्याच दिवशी नोटीस बोर्डावर पण लावा. कागद एक लागतो.

प्रश्न : पॅनेलकडं बघून माझं डोकं दुखतं. सातवीत आहे, पहिल्या बाकावर बसतो.

उत्तर : आधी डोळे तपासून घे, आईला आजच सांग. चष्मा लागला तर लागला, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सरांना विचारून तिसऱ्या-चौथ्या बाकावर बस, एवढ्या मोठ्या पडद्याच्या इतक्या जवळ बसू नकोस. आणि दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब, वीस फुटांच्या पलीकडं बघायचं, खिडकीतून एखादं झाड दिसत असेल तर तेच. घरी गेल्यावर परत मोबाईल घेऊन बसत असशील तर ते पण कमी कर बाबा, डोळे तेच आहेत.

प्रश्न : मॅडम नववीत आहे. "उन्हाळ्यातील दुपार" हा निबंध मी चॅटजीपीटीकडून लिहून घेतला. वर्गात अजून चौघांनी तेच केलं आणि पाचही निबंध सारखे निघाले, बाई खूप बोलल्या. पण मला सांगा, कॅल्क्युलेटर चालतो तर हे का चालत नाही?

उत्तर : प्रश्न चांगलाय, नुसतं "चालत नाही" म्हणून टाळणार नाही. कॅल्क्युलेटर गुणाकार करतो तेव्हा उत्तर तुझं असो नाहीतर त्याचं असो, एकच असतं. निबंधाचं तसं नाही, तिथं दुपार तुझी पाहिजे.

तू सोबत तो निबंध पाठवलास म्हणून मी वाचला. त्यात आमराई आहे, कोकीळ आहे, झऱ्याचं थंड पाणी आहे, नदीत डुंबणारी मुलं आहेत. तू पत्ता नीलम नगरचा लिहिलायस. तिथं कुठला रे झरा? तुझ्या दुपारी काय असतं ते मी सांगू का, यंत्रमागाची खडखड असते, पत्रा तापून टणटण वाजतो, चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणार म्हणून घरातली सगळी भांडी रांगेत मांडलेली असतात, आणि कुणीतरी बर्फाचा गोळा घेऊन आलेलं असतं. हे त्या मशीनला माहीत नाही कारण तू त्याला सांगितलंच नाहीस. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, जगभर लिहिलेल्या मजकुरावर ते तयार झालंय, त्यामुळं ते सगळ्यांची मिळून एक दुपार लिहून देतं, आणि म्हणूनच तुमचे पाचही निबंध सारखे निघाले.

म्हणजे अजिबात वापरायचं नाही असं मी म्हणणार नाही. आधी तू लिही, कसंही वेडंवाकडं, एक पान. मग त्याला विचार, यात शुद्धलेखन कुठं चुकलंय, कुठलं वाक्य कळत नाही. त्यानं सुचवलेलं घ्यायचं की नाही ते तू ठरव. एखादी माहिती दिली तर पुस्तकात तपास, ते चुकीचं पण अगदी खात्रीनं सांगतं, विशेषतः आपल्या गावाबद्दल आणि मराठीबद्दल. आणि त्याच्या नियमाप्रमाणं १८ वर्षांखालच्या मुलांना आईवडिलांची परवानगी लागते, ती घेतलीस का बघ. बाईंना जाऊन सांग की मी परत लिहून आणतो. मला पण पाठव, मला खरंच वाचायचाय.

प्रश्न : आमच्या शाळेत वादविवाद स्पर्धा आहे, "वर्गात मोबाईल हवा की नको". मला "हवा" बाजू आलीय पण मला मनातून दोन्ही वाटतं. मुद्दे द्याल का? (दहावी, जुळे सोलापूर)

उत्तर : देते. युनेस्कोचा २०२३ चा शिक्षणावरचा जागतिक अहवाल तंत्रज्ञानावरच होता आणि त्याच्या नावातच प्रश्न होता, हे साधन नेमकं कुणाच्या अटींवर. त्यात दिलंय की तोपर्यंत चारातल्या एकापेक्षा कमी देशांनी शाळेत स्मार्टफोनवर बंदी घातली होती, आणि शिकायला उपयोग होत असेल तरच फोन वर्गात असावा. त्याच वर्षी स्वीडनच्या सरकारनं शाळांत छापील पुस्तकं परत आणायला पैसे दिले, हा मुद्दा समोरची बाजू आणेलच, तयार राहा. तुझ्या बाजूनं क्यूआर कोड आहेत, वर लिहिलेलं फेट आहे, आणि घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलांना परत ऐकायला मिळतं हा तर माझ्या मते सगळ्यात भारी मुद्दा आहे. मनातून दोन्ही वाटतं हे स्टेजवर सांगितलंस तरी बिघडत नाही, "अमुक कामाला हवा, अमुक वेळेला नको" हे बोलायला जास्त अभ्यास लागतो.

पण स्पर्धेच्या आधी एक काम कर. तुझ्या वर्गात चिठ्ठ्या वाट, नाव लिहायचं नाही, आणि एकच प्रश्न, वर्गात फोन किंवा पॅनेल चालू असताना तुला सगळ्यात जास्त काय खटकतं. त्या चिठ्ठ्या घेऊन स्टेजवर जा. तुझ्याकडं जे असेल ते समोरच्याकडं नसेल.

मी हे माझ्या वर्गात केलंय. बऱ्याच चिठ्ठ्यांत आवाज नीट येत नाही, व्हिडिओतलं मराठी कळत नाही, नेट मध्येच अडकतं, असं होतं. एका चिठ्ठीत पेन्सिलनं लिहिलं होतं, "मॅडम, तुम्ही व्हिडिओ लावून हजेरीचं रजिस्टर भरत बसता ते आवडत नाही, तुम्ही पण बघा ना आमच्यासोबत." ती चिठ्ठी माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. दुसऱ्या दिवसापासून रजिस्टर मी स्टाफरूममध्ये भरते आणि व्हिडिओ सुरू झाला की शेवटच्या बाकावर जाऊन बसते. पहिल्याच दिवशी तिथून दिसलं, की डावीकडच्या खिडकीचा उजेड पडद्याच्या बरोबर खालच्या भागावर पडतो आणि जिथं आकृतीची नावं लिहिलेली असतात तेवढंच मागच्या दोन रांगांना दिसत नाही.